एक चटणी, चार दिशा

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये कोपर स्थानक आहे. लोकल तिथे क्षणभर थांबते आणि निघते. पण या लहानशा स्थानकाची रचना मोठी विलक्षण आहे. खालून मुंबई-कल्याणचे रूळ जातात आणि वरून, त्यांना ओलांडत, वसईहून दिवा-पनवेलकडे जाणारा मार्ग. वरच्या फलाटाला लोक ‘अप्पर कोपर’ म्हणतात. वसईहून आलेला कामगार, पनवेलला निघालेली नर्स, ठाण्याच्या बँकेत जाणारा कारकून आणि कल्याणच्या कॉलेजात शिकणारी मुलगी असे सगळे त्या जिन्यावर एकमेकांना धक्के देत चढतात-उतरतात आणि पाच मिनिटांत चार दिशांना पांगतात.

समजा, या चौघांनी एका सकाळी एकाच ठिकाणी इडली-चटणी खाल्ली आणि त्या चटणीत साल्मोनेला नावाचा जिवाणू होता. दुसऱ्या दिवशी कामगाराला वसईत जुलाब सुरू होतात. नर्सला रात्रपाळीत ताप भरतो. कारकुनाला तिसऱ्या दिवशी त्रास होतो. मुलीला उलट्या होतात आणि घरचे म्हणतात, परीक्षेच्या ताणाने पित्त झाले असेल. चौघे चार डॉक्टरांकडे जातात. चारही डॉक्टर विचारतात, “बाहेरचं काही खाल्लं होतं का?” चौघेही आदल्या रात्रीचे जेवण आठवून सांगतात. औषध मिळते, चौघे बरे होतात. चार दवाखान्यांच्या चार नोंदवह्यांत चार ओळी उरतात आणि त्या ओळी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. चटणी तशीच वाटली जाते, तशीच विकली जाते.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण अन्नातून होणाऱ्या आजारांचे खरे कोडे त्यात पूर्ण सामावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पहिल्यांदा जगाचा हिशेब मांडला. दूषित अन्नामुळे दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसे आजारी पडतात आणि ४,२०,००० दगावतात. त्यांत पाच वर्षांखालची बालके सुमारे १,२५,००० असतात. एवढी मोठी आपत्ती आपल्याला दिसत नाही, कारण ती एकेका घरात, एकेका न्हाणीघरात, एकेकट्या माणसावर येते. देशाची अन्न सुरक्षा यंत्रणा सुधारायची म्हणजे या विखुरलेल्या ओळी एकत्र आणायच्या. हे कसे करता येते, याची हकिकत एखाद्या रहस्यकथेइतकी रंगतदार आहे.

वेळेचा चकवा

आधी जिवाणूंचे गणित पाहू. अनुकूल ऊब आणि ओल मिळाली की ई. कोलाय हा जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट झाला की एकाचे ५१२ होतात. सहा तासांत २,६२,१४४. सातव्या तासाला हा आकडा वीस लाखांच्या पुढे जातो. पहाटे पाचला वाटलेली ओल्या नारळाची चटणी दुपारी बारापर्यंत उघड्यावर राहिली, तर ऐन उन्हाळ्यात तिच्यात या गणिताच्या जवळ जाणारे काहीतरी घडत असते. वास बदलत नाही, चव बदलत नाही, रंगही बदलत नाही. पाच अंश सेल्सिअसच्या खाली ही वाढ बहुतेक थांबते आणि साठ अंशांच्या वर बहुतेक जिवाणू टिकत नाहीत. मधला सगळा पट्टा धोक्याचा. डोंबिवली-कल्याणची हवा बाराही महिने याच पट्ट्यात असते.

काही जिवाणू याहून चतुर आहेत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स उकळत्या पाण्यातही मरत नाही; तो बीजाणू होऊन, म्हणजे कठीण कवच पांघरून, बसून राहतो. लग्नातल्या रश्श्याचे किंवा भंडाऱ्याच्या आमटीचे मोठे पातेले चुलीवरून उतरले की पोटातली उष्णता जायला कित्येक तास लागतात. पातेले पंचेचाळीस अंशांच्या आसपास आले की हा जिवाणू कवच सोडतो आणि दहा मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होतो. तांदळात राहणाऱ्या बॅसिलस सेरियसचेही तसेच. भात शिजताना त्याचे बीजाणू तगतात, मग भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढतात आणि त्याच्या एका जातीने तयार केलेले उलटी आणणारे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात, वरण, रस्सा लवकर आणि पसरट, लहान भांड्यांत गार करणे याला इतके महत्त्व आहे.

त्याहून मोठा चकवा आहे वेळेचा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आपल्या हातांवर आणि नाकात राहणारा जिवाणू अन्नात आधीच विष करून ठेवतो, म्हणून त्याचा त्रास अर्ध्या तासातही होऊ शकतो. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवस लागतात. विषमज्वर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. हिपॅटायटिस ए या काविळीला १५ ते ५० दिवस, सरासरीने २८. गणपतीच्या दिवसांत डोळे पिवळे झाले तर दूषित पाणी किंवा बर्फ श्रावणात कधीतरी पोटात गेलेला असतो. आपण मात्र नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. बिचारा काल रात्रीचा वडापाव पुष्कळदा निर्दोष असतो आणि खरा अपराधी आपल्या आठवणीतून केव्हाच पुसला गेलेला असतो.

मेथीच्या मोडांनी घातलेले कोडे

हे कोडे सुटते कसे, याचे सर्वांत थरारक उदाहरण जर्मनीतले आहे, आणि त्यातला गुन्हेगार मराठी स्वयंपाकघराच्या अगदी ओळखीचा आहे.

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत अचानक रक्ताचे जुलाब आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे रुग्ण वाढू लागले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. कारण होते ई. कोलायची एक दुर्मीळ जात, ओ१०४. संशय आधी स्पेनच्या काकड्यांवर गेला. तिथल्या शेतकऱ्यांना काकड्यांचे ढीग फेकून द्यावे लागले. काकड्या निर्दोष होत्या.

तपास करत होती बर्लिनची रॉबर्ट कोख संस्था. ज्या रॉबर्ट कोखने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जिवाणू ओळखला, त्याच्याच नावाची ही संस्था. तिच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांना विचारले, काय खाल्ले? टोमॅटो, काकडी, सॅलड असे लोक सांगत. मोडांचा उल्लेख फार थोड्यांनी केला, कारण ताटाच्या कडेला सजावटीसाठी ठेवलेली मोडांची चिमूट कुणाच्या लक्षात राहणार? मग शास्त्रज्ञांनी माणसांच्या आठवणीवर विसंबणे सोडले. ल्यूबेक शहरातल्या एका उपाहारगृहात ज्या गटांनी जेवण केले होते, त्यांनी कोणते पदार्थ मागवले हे त्यांनी काढले आणि मग आचाऱ्याला गाठले. या पदार्थात नक्की काय काय घालता, किती घालता, कच्चे घालता की शिजवून? आचाऱ्याच्या उत्तरांतून गाठ सुटली. ज्यांच्या ताटात मोड होते, त्यांना आजाराचा धोका इतरांच्या सुमारे नऊपट होता.

मोड आले होते एका जर्मन शेतावरून. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये बोर्दोजवळही काही लोक याच जातीच्या जिवाणूने आजारी पडले. त्यांनी खाल्लेले मोड वेगळ्या ठिकाणी काढलेले होते, बियाणे वेगळ्या दुकानातले होते. दोन्हीकडचा माग काढत गेल्यावर धागे एकाच जागी येऊन मिळाले: इजिप्तहून २००९ मध्ये आलेली १५ टन मेथी. दीड-दोन वर्षे कोरडी पडून राहिलेली मेथी, तिच्यावर निपचित पडलेला जिवाणू, आणि मोड आणण्यासाठी दिलेली ऊब व ओल. मेथीला जे हवे, तेच जिवाणूलाही हवे होते. आपण मटकीला मोड आणतो आणि उसळ शिजवतो. त्या शिजवण्याने आपले किती रक्षण केले आहे, हे या गोष्टीवरून कळते. कच्चे मोड चाटवर भुरभुरताना मात्र हेच रक्षण नसते.

या तपासात मला सर्वांत थक्क करते ती एक साधी गोष्ट. तिथे प्रयोगशाळा होत्या, यंत्रे होती, पण कोडे सुटले ते प्रश्न नीट विचारल्यामुळे आणि उत्तरे एका जागी आणल्यामुळे.

अमेरिकेने याच कामासाठी १९९६ मध्ये पल्सनेट हे जाळे उभारले. त्याच्या तीन वर्षे आधी तिथे अर्धकच्च्या बर्गरमधल्या ई. कोलायने सातशेहून अधिक लोक आजारी पडले होते आणि चार मुले गेली होती. पल्सनेटमध्ये ठिकठिकाणच्या रुग्णांच्या विष्ठेतून मिळालेले जिवाणू त्यांच्या जनुकांवरून ओळखले जातात. साल्मोनेलाच्या जनुकसंचात साधारण ४८ लाख अक्षरे असतात. आज ती सगळी वाचता येतात. हजार मैलांवरच्या दोन रुग्णांमधल्या जिवाणूंची अक्षरे जवळजवळ तंतोतंत जुळली, तर त्या दोघांनी नकळत एकाच उगमातले काहीतरी खाल्ले असण्याची दाट शक्यता असते. आपल्या कोपरच्या चौघांच्या नमुन्यांचे असे वाचन झाले असते, तर वसई, पनवेल, ठाणे आणि कल्याण इथल्या चार ओळी एका संध्याकाळी एका पडद्यावर शेजारी शेजारी आल्या असत्या.

भगर: सगळे एकाच दिवशी खातात तेव्हा

महाराष्ट्रात आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे भगरीवरून स्पष्ट होते.

२० फेब्रुवारी २०२४ ला एकादशी होती. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात सप्ताहानिमित्त जमलेल्या भाविकांनी भगर आणि आमटीचा प्रसाद घेतला आणि रात्री शेकडो माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. जवळच्या रुग्णालयात जागा पुरली नाही. माणसांना जमिनीवर निजवून, दोरीला बाटल्या टांगून सलाइन द्यावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

नवरात्र आणि एकादशीच्या सुमारास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाडा-विदर्भातून वारंवार येतात. त्यामागचे एक कारण आता ठाऊक आहे. भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी चढते. पावसाळ्याच्या शेवटी हवेतली ओल आणि ऊब तिला पोषक असते. ही बुरशी फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार करते आणि मग मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे असा त्रास होतो. बुरशीची विषे शिजवण्याने सहसा पूर्ण नष्ट होत नाहीत. पीठ केले की धान्याचा पृष्ठभाग वाढतो, ओल अधिक शोषली जाते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणून राज्याचे अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी सांगते: सुटी भगर किंवा तिचे तयार पीठ घेऊ नका, बंद पाकिटातली भगर घ्या, उत्पादक आणि तारीख पाहा, स्वच्छ करून कोरड्या जागी ठेवा आणि पीठ लागेल तेवढेच ताजे दळा.

हे ज्ञान आपल्याला मिळाले कसे? उपवासामुळे. हजारो माणसे एकाच दिवशी एकच पदार्थ खातात. त्यांचे आजारपण एकाच रात्री, एकाच गावात येते आणि लपवता येत नाही. शाळांचेही तसेच. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसई इथल्या आश्रमशाळेत शंभरावर मुले जेवणानंतर आजारी पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कळव्याच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर ३८ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी नमुने घेतले जातात, चौकशी होते, काहीतरी शिकायला मिळते.

म्हणजे एका पंगतीला बसलेल्यांचा आजार आपल्याला दिसतो. चार दिशांना गेलेल्यांचा दिसत नाही. आणि कोपर, डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यातले जेवण तर रोज चार दिशांना जाते. डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्रांवर संध्याकाळी गाडीतून उतरलेले नोकरदार रांगा लावतात आणि पिशव्या घेऊन वेगवेगळ्या घरी जातात. मोबाइलवरून मागवलेले जेवण दहा इमारतींत दहा दारांशी पोचते. एका वडापावातला बटाटा, चण्याचे पीठ, मिरची, पाव आणि तेल हे सगळे वेगवेगळ्या मुलखांतून आलेले असते. शहराची पंगत आता पसरली आहे. तिच्यावर नजर ठेवायची तर नजरही तेवढीच पसरावी लागेल.

तपासण्यापेक्षा घडवणे

आता एक मूलभूत शंका. सगळे पदार्थ विकण्याआधी तपासून घेतले तर? गणित करून पाहा. हजार पाकिटांत शंभरात एक या प्रमाणात दहा पाकिटे दूषित आहेत. तुम्ही त्यांतली तीस उचलून तपासली. तिसांत एकही दूषित पाकीट न सापडण्याची शक्यता चारांत जवळजवळ तीन इतकी आहे. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही म्हणाल, माल चांगला आहे, आणि दहा दूषित पाकिटे दुकानात जातील. तपासणी वाढवत गेलात तर विकायला काही उरणारच नाही, कारण तपासलेले पाकीट फोडावे लागते.

नेमक्या याच भिंतीवर १९६० च्या सुमारास अमेरिकेची पिल्सबरी कंपनी आपटली. तिला अंतराळवीरांसाठी अन्न करायचे होते. वजनरहित यानात जुलाब झालेला अंतराळवीर म्हणजे मोहिमेचाच घात. शंभर टक्के खात्री हवी होती आणि तपासणीने ती मिळत नव्हती. हॉवर्ड बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. शेवटी पदार्थ तपासण्याऐवजी तो होत असताना धोका नक्की कोणत्या पायरीवर शिरतो, हे शोधायचे आणि त्या पायरीवर ताबा ठेवायचा. यातून जी पद्धत घडली तिला आज जगभर हॅसप म्हणतात. १९९३ मध्ये कोडेक्स या जागतिक अन्नमानक संस्थेने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी निघालेला विचार आज दुधाच्या पिशवीपासून आइस्क्रीमपर्यंत पोचला आहे.

हा विचार एखाद्या पोळी-भाजी केंद्राला लावला तर? धोक्याच्या पायऱ्या चार-पाचच निघतात: पाणी, हात, शिजल्यानंतर गार होण्याचा वेळ, कच्च्या आणि शिजलेल्या जिन्नसांची सरमिसळ आणि फडके. पाच जागांवर लक्ष, एक साधा थर्मामीटर, हात धुवायला साबण आणि नळ. यंत्रणा महाग नसते, शिस्त लागते.

महाराष्ट्राने या धाटणीचा एक सुंदर नियम केला आहे. बर्फात पुष्कळसे जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. मासळी टिकवायचा बर्फ साध्या पाण्याचा चालतो, पण तोच बर्फ सरबतात आणि गोळ्यात जात असे आणि डोळ्यांना फरक कळत नसे. १ जून २०१८ पासून राज्यात खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करणे बंधनकारक झाले. रंग खाण्यास परवानगी असलेलाच, तोही अगदी थोडा, म्हणजे चुकून पोटात गेला तरी अपाय नाही. एका रंगाने प्रत्येक गिऱ्हाइकाला निरीक्षक केले. सरबताच्या पेल्यात निळी छटा दिसली तर कोपरच्या फलाटावरच्या शाळकरी मुलालाही कळते की हा बर्फ इथला नव्हे. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकावर लिंबूपाणी गलिच्छपणे बनवतानाची चित्रफीत पसरली, तेव्हा मध्य रेल्वेने स्थानकांवर उघड्यावर बनवलेले लिंबूपाणी आणि काला खट्टा विकणे बंद केले. तिथेही एका प्रवाशाच्या डोळ्याने काम केले होते. फरक इतकाच की निळा बर्फ आधीच सांगतो, चित्रफीत नंतर सांगते.

कायदा आहे, दुवा हवा

आपल्याकडे कायद्याची वाटचाल लांबची आहे. १९५४ चा जुना कायदा होता अन्नभेसळ प्रतिबंधाचा. त्याची नजर होती दुधातले पाणी आणि हळदीतला रंग शोधण्याकडे. २००६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण उभे राहिले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवी व्यवस्था लागू झाली. नजर भेसळीवरून सुरक्षिततेकडे वळली. हा बदल किती योग्य होता, हे प्राधिकरणाच्याच २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत दिसले. ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. पण गुरांच्या बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येणारे अफ्लाटॉक्सिन एम१ हे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक होते. आपण गवळ्याच्या पाण्यावर रागावत होतो आणि धोका गोठ्यातल्या ओल्या पेंडीत होता.

आज लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. मोठ्यांना परवाना लागतो. प्रत्येकाला १४ अंकी क्रमांक मिळतो आणि जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. पहिला अंक परवाना की नोंदणी हे सांगतो, पुढचे दोन राज्य सांगतात. म्हणजे बिल ठेवले तर खाल्लेल्या घासाचा पत्ता आपल्या खिशात असतो. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, हेही अपेक्षित आहे.

प्रयोगशाळांची बाजू बराच काळ लंगडी होती. १३ ऑगस्ट २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी रद्द केली, त्याचे एक कारण हे होते की चाचण्या झालेल्या प्रयोगशाळांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती. कॅगच्या २०१७ च्या अहवालानुसार राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांकडे राष्ट्रीय अधिस्वीकृती नव्हती. त्यानंतर प्रयोगशाळा सुधारण्यावर भर दिला गेला, फिरत्या प्रयोगशाळाही रस्त्यावर आल्या. नमुना कितीही दक्षतेने घेतला, तरी अहवालावर विश्वास ठेवता आला नाही तर पुढचे सगळे कोसळते.

आणि तरीही मधला दुवा कच्चाच आहे. आजारी माणूस जातो आरोग्य खात्याच्या वाटेने: दवाखाना, महापालिका, जिल्ह्याचा साथरोग सर्वेक्षण विभाग. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. आता त्याची माहिती संगणकावर भरली जाते. खराब अन्न जाते दुसऱ्या वाटेने: अन्न सुरक्षा अधिकारी, नमुना, विश्लेषक, अहवाल. नमुन्याचे चार भाग होतात, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा म्हणतो. कोपरच्या त्या रुळांसारख्या या दोन वाटा एकमेकींवरून जातात. प्रश्न आहे त्यांच्यामध्ये पायऱ्या बांधण्याचा.

त्या पायऱ्यांसाठी कायद्यात जागा करून ठेवलेली आहे. कलम ३५ प्रमाणे प्राधिकरण अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या सर्व नोंदणीकृत डॉक्टरांना सांगू शकते की अन्न विषबाधेचा प्रत्येक रुग्ण नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवा. या एका कलमात केवढी ताकद आहे! ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दाट वस्ती आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत, प्रत्येक डॉक्टरच्या हातात मोबाइल आहे. चार प्रश्नांचा एक फॉर्म पुरेल: रुग्ण कुठे राहतो, त्रास कधी सुरू झाला, गेल्या तीन दिवसांत कुठे काय खाल्ले, विष्ठेचा नमुना घेतला का. रोज संध्याकाळी आरोग्य खाते आणि अन्न व औषध प्रशासन या दोघांनी एकाच पडद्यावर ती माहिती पाहिली, तर चटणी तिसऱ्या दिवशी सापडेल. ईशान्येकडच्या राज्यांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अन्नजन्य जिवाणूंच्या पाहणीचे जाळे उभारलेच आहे. रोज लाखो माणसांना चार दिशांना नेणाऱ्या या रेल्वेपट्ट्यालाही तसे जाळे मिळायला हवे.

यात एक अट फार महत्त्वाची आहे. माहिती देणाऱ्या डॉक्टरला आणि चूक कबूल करणाऱ्या विक्रेत्याला भीती वाटू नये. घातक अन्नाने कुणाचा जीव गेला तर ते विकणाऱ्यासाठी कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ती असावीच. पण पहाटे चारला उठून इडल्या लावणाऱ्या बाईला बहुधा आधी हवे असते स्वच्छ पाणी, नळ, झाकण आणि कुणीतरी नीट समजावून सांगणे. तिची गाडी उचलून नेली तर ती दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहते, तीच चटणी घेऊन. तिला नळ दिला तर चटणी बदलते.

आणि आपण? या जाळ्याचे सर्वांत पहिले टोक आपणच आहोत. उलटी-जुलाब झाले की डॉक्टरांना फक्त कालचे नाही, तर गेल्या तीन दिवसांचे खाणे सांगावे. त्यासाठी बिले आणि मोबाइलवरच्या ऑर्डरी उपयोगी पडतात. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी सुचवली तर शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना द्यावा, कारण नंतर जिवाणू सापडणे कठीण होते. उरलेला पदार्थ फेकण्याऐवजी बंद डब्यात, वर चिठ्ठी लावून, फ्रिजमध्ये वेगळा ठेवावा. आपल्याबरोबर तेच खाल्लेल्यांना फोन करून विचारावे. दोघे-तिघे निघाले की राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. कलम ४० प्रमाणे सामान्य गिऱ्हाईकही, खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगून, पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. पदार्थ नियमबाह्य निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते.

आपण पोटदुखीला खासगी गोष्ट समजतो, लाजतो, दोन दिवस रजा टाकतो आणि विसरतो. पण आपल्या पोटात जे घडले ती एका शहराला उपयोगी पडणारी बातमी असते. ती आपण सांगितली, डॉक्टरांनी नोंदवली आणि कुणीतरी शेजारच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर पाचवा, पन्नासावा आणि पाचशेवा माणूस आजारी पडत नाही. देशाची अन्न सुरक्षा एवढ्या लहान माहितीवर उभी राहू शकते, आणि ती माहिती आजही आपल्यापाशी आहे.